ढब्बू जळगावला स्वतःच्या पायानं जाते

धुळे

धुळ्यात शिरलो आणि पहिल्याच सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं मान बाहेर काढली. आमची गाडी त्यानं नाकापासून शेपटापर्यंत नीट बघून घेतली आणि मला विचारलं, "ताई, सर्कस कुठं उतरली?"

"स्पोर्ट्स कार आहे," माझा नवरा स्टिअरिंगवरची नजर न हलवता म्हणाला. "स्वतः बनवलीये."

"मंग छत बनवायचं राहिलं का?"

सिग्नल हिरवा झाला म्हणून बरं. नाहीतर दिनकरनं त्याला छत का नसतं यावर व्याख्यान दिलं असतं, आणि मागच्या ट्रकवाल्यानं आम्हाला दिलं असतं. (नवऱ्याला तोंडावर मी अहो-जाहोच करते. लिहिताना मात्र दिनकर म्हणते, कागदावर तरी बरोबरीनं चालावं.)

इचलकरंजी ते धुळे हा दोन दिवसांचा प्रवास मी गाळून टाकतेय. त्यात सांगण्यासारखं फक्त धूळ आणि माझी कंबर आहे. पण ज्यांनी ही गाडी बघितलेली नाही त्यांना ती आधी दाखवायला हवी. इचलकरंजीत दिनकरचं लेथचं वर्कशॉप आहे, मागाचे सुटे भाग बनवतात. बारा वर्षांपूर्वी त्यानं कोइमतूरहून चार लाकडी खोकी मागवली. मला वाटलं मशीन आलं. उघडून बघते तर आत फायबरची अंगं, कुठं गाल, कुठं पाठ, आणि वर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. जुन्या व्हॅनचं इंजिन घ्यायचं, सांगाडा वेल्ड करायचा, वर ही अंगं चढवायची, की झाली दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार. पुस्तकात लिहिलं होतं, हौशी माणसाला सहा महिने लागतात. आम्हाला नऊ वर्षं लागली, त्यातली तीन आरटीओच्या कागदांत. हौस मोजायचं मीटर कोइमतूरला वेगळं असावं.

अशा घरी जोडलेल्या गाड्यांचा एक क्लब आहे, त्याच्या वहीत तिचं नाव 'बिजली' आहे. मी तिला ढब्बू म्हणते. रंग ढोबळ्या मिरचीचा, आकारही तोच, आणि आतून तितकीच पोकळ. दार नाही. पाय उचलून आत टाकायचा आणि मग उरलेली बाई मागून घ्यायची. माझ्या गुडघ्याला विचाराल तर हा वाहनप्रकार कुणा बाई नसलेल्या घरात जन्मला असणार.

संध्याकाळी धुळ्यातल्या एका हॉटेलात शेवभाजी मागवली. आमच्याकडे शेव मिसळीवर पडते, तीही पाहुणी म्हणून. इथं शेवेचीच भाजी करतात. वाढप्यानं विचारलं, "मिडियम की तिखट?" दिनकरनं छाती काढली. "आम्ही पंचगंगेकाठचे. तिखटच आणा." काळ्या मसाल्याचा, तेलाचा तवंग आलेला तो वाडगा आला. दोन घासांत पंचगंगेला पूर आला, डोळ्यांतून. वाढप्यानं पाण्याचा जग ठेवला आणि जाताना म्हणाला, "ही मिडियमच शे, काका."

त्या जेवणावर दिनकरनं पुन्हा एकदा आपला पण बोलून दाखवला. आमच्या क्लबात अशी स्वतः जोडलेली गाडी असलेले सतरा-अठरा शहाणे आहेत. वर्षातून एकदा एकाच्या गावी सगळे जमतात, आणि गाडी तिथवर स्वतःच्या पायानं यावी लागते. टेम्पोत घालून आणली तर चालते, पण दोनदाच. तिसऱ्यांदा आली की गाडीचं नाव वहीतून कट. पहिल्या वर्षी ढब्बू कऱ्हाडपासून टेम्पोत बसली. दुसऱ्या वर्षी शिरूरपासून. आता यंदा जळगाव. "यंदा टेम्पोत बसली तर मी तिला तिथंच विकून येतो," दिनकर म्हणाला. "परत तोंड दाखवणार नाही कुणाला."

गिऱ्हाईकही ठरलेलं होतं आणि ते मीच शोधलं होतं, हे इथं कबूल केलेलं बरं. माझ्या मावसबहिणीच्या ओळखीचे एक भाऊ जळगावात लॉन्स चालवतात, लग्नाचे. त्यांना ढब्बू फिरत्या चबुतऱ्यावर उभी करून, लाइटिंग सोडून, नवरा-नवरीचे फोटो काढायला हवी होती. मला त्यात वावगं काहीच दिसलं नाही. गाडीला चालायचं नाही, नवरीला चालवायची नाही. शिवाय माझा पोर्च मोकळा झाला असता, आणि नऊ वर्षांचे रविवारही.

मुकटीच्या पुढे

सकाळी धुळं सोडलं तेव्हा हवा गार होती. रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापूस लागला होता. म्हणजे झाडांना नव्हे, ट्रकमधून उडालेले पुंजके काट्यांत अडकलेले. वावरात कापसाच्या नुसत्या पऱ्हाट्या उभ्या, मधूनच हरभऱ्याचा हिरवा तुकडा. उघड्या गाडीचा एक फायदा मान्य करायला हवा, वास सगळे लागतात. हरभऱ्याचा, शेणाचा, कुठंतरी उकळत्या गुळाच्या चहाचा. मुकटी मागं टाकली आणि एक नवीन वास आला.

पाठोपाठ किंचाळी. ढब्बू अशी किंचाळली की समोरून येणाऱ्या बैलानं रस्ता सोडला.

"पट्टा!" दिनकर म्हणाला. "फॅनबेल्ट सटकतोय." काटा तांबड्यात गेला होता. रस्त्यालगत वस्ती होती, तिच्या तोंडाशी पत्र्याची शेड, शेडपुढं एक ट्रॅक्टर पोट उघडून पडलेला. आम्ही तिथंच थांबलो.

शेडमधून एक सत्तरीचे गृहस्थ आले. टोपी, पांढरा सदरा, आणि हात मात्र ऑइलनं काळे. हे भटू नाना. पाणबुडी मोटारी, कडबाकुट्टी, मळणीयंत्र, ट्रॅक्टर, जे बंद पडेल ते नानांकडं येतं. त्यांनी ढब्बूला एक फेरी मारली. हसले नाहीत. असं प्रथमच घडत होतं.

"हाई काय शे?" त्यांनी विचारलं.

दिनकरनं सांगितलं. नानांनी बोनेट उघडून कान लावला, डॉक्टर छातीला लावतात तसा. मग म्हणाले, "पट्टा मन्हाकडे नई. पारोळाले भेटी."

गावातल्या एकाची मोटारसायकल पारोळ्याला निघालीच होती. दिनकर तिच्या मागं बसला आणि जाताना मला बजावून गेला, "नानांना म्हणावं फक्त पट्टा सोडवून ठेवा. बाकी कशालाही हात लावू नका. कळलं? फक्त पट्टा."

कळलं. मी हायस्कूलला इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. 'फक्त पट्टा' एवढं वाक्य मला कळतं.

नानांच्या घरच्या सिंधूअक्का मला हाताला धरून घरात घेऊन गेल्या. अंगणात ज्वारीचे बिबडे वाळत घातले होते. एक ओला बिबडा त्यांनी माझ्या हातावर ठेवला, वर कच्चं तेल आणि तिखट. आमच्याकडे पापड ओला खाल्ला तर आई हातावर मारायची, इथं तोच पाहुणचार. मी तिसरा बिबडा खात होते तेव्हा नाना दारात आले.

"ताई, बठ्ठा काढी टाकू का?"

मला ऐकू आलं, पट्टा काढू का. इचलकरंजीच्या माणसाला दुसरं काय ऐकू येणार? आमच्या गल्लीत मागाचे पट्टे दिवसरात्र फिरतात, पट्टा तुटला, पट्टा चढवला, यापलीकडे चार वाक्यं बोलणं होत नाही. मी तोंडातला बिबडा सांभाळत म्हटलं, "हो हो, काढा की. पट्टा काढून ठेवा."

"नक्की ना? परत तुम्हीन म्हणशात नाना नी काढा."

"अहो, ह्यांनीच सांगितलंय काढायला!"

नाना समाधानानं गेले.

पारोळ्यात त्या मापाचा पट्टा मिळाला नाही. दिनकर तिथून धुळ्याला परत गेला, दोन दुकानं फिरला, आणि चार तासांनी गळ्यात दोन पट्टे हारासारखे घालून वस्तीवर उतरला. तोवर मी जेवून, अक्कांच्या सुनेचं सगळं माहेर ऐकून, जराशी आडवी झाले होते. दिनकरचा आवाज ऐकून बाहेर आले.

शेडपुढं ताडपत्री अंथरली होती. ताडपत्रीवर ढब्बू होती. म्हणजे सगळी. बोनेट, समोरचा मुखडा, दोन्ही दिवे, रेडिएटर, फॅन, पंप, अल्टरनेटर, कार्बोरेटर, सायलेन्सर. नटबोल्ट सतरा परातींत. दोन्ही सीटसुद्धा काढून भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या आणि एका सीटवर नानांचे भाऊ तंबाखू मळत बसले होते. सांगाडा तेवढा जागेवर होता, खाटकाच्या दुकानातल्यासारखा.

"बठ्ठा काढी टाका," नाना अभिमानानं म्हणाले.

दिनकरनं गळ्यातले पट्टे काढून ताडपत्रीच्या कडेला ठेवले. मग माझ्याकडे वळला, आणि आवाज न चढवता म्हणाला, "तुला हेच हवं होतं ना? मुद्दाम केलंस."

ताडपत्रीवर

चोवीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांना काय काय म्हणालो नसू. भाजीत मीठ जास्त झालं तर हा माणूस माझं माहेर काढतो, आणि मीही त्याच्या बहिणी सोडत नाही. पण 'मुद्दाम' कधी नव्हतं. मला इतका राग आला की रडूच आलं. त्यातलं सगळ्यात वाईट म्हणजे तो अगदीच निराधार बोलत नव्हता. गिऱ्हाईक मी शोधलं होतं. पोर्च मला हवा होता. पण गाडी उसवून ठेवणारी बाई मी नाही, हे याला माहीत नसावं? मग चोवीस वर्षं हा कुणाबरोबर राहिला?

मी घरात जाऊन चुलीपाशी बसले. दिवेलागणीला सिंधूअक्कांनी ताट पुढं केलं. ताटात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर फौजदारी डाळीचा गोळा आणि ठेचा. मी अर्धी भाकरी टाकून उठायला लागले तशा त्या म्हणाल्या, "बठ्ठा खाई ल्या ताई. उष्टं टाकू नका."

मी तशीच परत बसले.

"अक्का, बठ्ठा म्हणजे?"

"बठ्ठा म्हंजे बठ्ठा," अक्का म्हणाल्या. मग दोन्ही हात फैलावून ताट, चूल, घर आणि अंगण एका कवेत घेतलं. "अख्खा. पुरा."

बाई गं! मी बाहेर पळाले. दिनकर बाजेवर बसून फोनमध्ये टेम्पोवाल्याचा नंबर शोधत होता. मी त्याला बठ्ठा आणि पट्टा समजावून सांगितलं. नानांनीही साक्ष दिली की त्यांनी दोनदा विचारलं होतं. सगळं उघडायला त्यांच्याकडे कारणही होतं. किंचाळत होता तो पट्टा नव्हे, पंपाचं बेअरिंग, आणि ते एवढं अडचणीत की मुखडा काढल्याशिवाय हात जात नाही. एकदा मुखडा काढलाच म्हणून पुढचं पण बघून घेतलं. "पट्टा टाकी देता तर एरंडोलले परत बोंब," नाना म्हणाले. बेअरिंग कडबाकुट्टीच्या मापाचं निघालं आणि ते नानांकडं होतं.

दिनकरनं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "बरं."

नवऱ्याचं 'बरं' कुठलं आहे हे बायकोला कळतं. हे पटलेल्या माणसाचं नव्हतं.

"आता हे जोडणार कोण?" तो म्हणाला. "क्रम कुणाला आठवतोय? पुस्तक घरी आहे. नानांनी पहिल्यांदा बघितलीये ही गाडी. एक वायर चुकली तरी झालं. उद्या सकाळी टेम्पो येईल, संपला विषय." आणि हा माणूस, जो नऊ वर्षं एका स्क्रूसाठी जेवण थंड करायचा, तोंडावर टोपी घेऊन बाजेवर आडवा झाला. त्याचे पाय बाजेबाहेर लोंबत होते. मला त्याचा राग आला होता आणि त्याच्याकडं बघवतही नव्हतं.

सकाळी मी ताडपत्रीवर जाऊन बसले. का, ते मला नीट सांगता येणार नाही. टेम्पो यायला अवकाश होता. आणि मुद्दाम केलं म्हणतो म्हणजे काय?

नाना रेडिएटर उचलून विचार करत होते. मुखडा हातात घेतला, त्यांच्या भावानं पुढं धरला. माझ्या तोंडून निघून गेलं, "मुखडा आधी नाही हं, नाना. आधी रेडिएटर. रेडिएटरचे चार बोल्ट हातानंच लावा, पाना नको. मग दिव्यांच्या वायरी मुखड्याच्या आतून ओढून घ्या, मग मुखडा. मुखडा आधी बसवल्यास तो पुन्हा काढावा लागेल."

नाना माझ्याकडे बघायला लागले. मीही माझ्याकडे बघायला लागले.

त्याचं असं आहे. दिनकरला लेथ येतं, इंग्रजी येत नाही. नऊ वर्षं दर रविवारी तो गाडीखाली, आणि मी पोर्चमध्ये मेथी निवडत ते पुस्तक मराठीत करून वाचून दाखवायची. 'आता डावीकडील लहान बोल्ट हलकेच आवळावा.' 'जबरदस्ती करू नये.' हे तर पानोपानी होतं. एकेक पान पाच-पाच वेळा, कारण तो म्हणायचा, परत वाच. मला वाटायचं मी मेथी निवडतेय. पाढे पाठ व्हावेत तसं ते अख्खं पुस्तक पाठ झालं होतं आणि मला पत्ता नव्हता.

मग मी सांगत गेले आणि नाना जोडत गेले. पंप, फॅन, अल्टरनेटर. "तांबडी वायर वरच्या खिळ्याला, काळी अंगाला." कुठं माझं अडलं तर मी डोळे मिटून मागचं पान म्हणायची, की पुढचं आपोआप यायचं. नाना एकदा म्हणाले, "ताई, तुम्हनी पोथी भारी शे." परातींतले नटबोल्ट मी साइजवार लावले, बायकांच्या जातीला मोड आलेली मटकी निवडायची सवय असते. सायलेन्सरपाशी नानांनी जोर लावला तशी मी ओरडले, "जबरदस्ती करू नये!" बाजेवरची टोपी जराशी हलली.

अकरा वाजता टेम्पो आला. दिनकर उठला, ताडपत्रीवर आला. उरलं होतं एक बोनेट आणि सीटा. त्यानं बोनेटची बिजागरी धरली. चावी फिरवली. ढब्बू खोकली, शिंकली, आणि लागली. टेम्पोवाला म्हणाला, "मंग मी काय करू?" नानांनी त्याला बिबडा खायला बसवलं.

आम्ही निघताना नानांनी विचारलं, "दादा, पट्टा तेवढा नवीन टाकेल शे. जुना काढी ठेवू का घेई जाता?" दिनकरनं दोन्ही हात जोडले. माझ्याशी मात्र तो अजून जेवढ्यास तेवढंच बोलत होता. पारोळ्यापर्यंत "पाणी दे," एरंडोलपर्यंत "किती वाजले?" एवढा संवाद झाला. त्याला गाडी मिळाली होती. मी काय केलं आणि काय केलं नाही, ते त्याच्या मनात तसंच राहिलं असावं, आणि मला विचारायची लाज वाटत होती.

जळगाव

पाळधीच्या पुढं केळीच्या बागा लागल्या. आमच्याकडं ऊस असतो तसाच उभा हिरवा, पण ऊस अंगाला कापतो, केळ अंगावर वारा घालते. यंदाचे यजमान आबा, वरणगावच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले, क्लबचे अध्यक्ष. जळगावजवळ त्यांची बाग आहे आणि तिथं भरिताचा बेत होता. धूर लांबूनच दिसत होता.

आता क्लबातली साक्षीची पद्धत सांगायला हवी. गाडी स्वतःच्या पायानं आली का, हे आबा गाडीवाल्याला विचारत नाहीत. गाडीवाले खोटं बोलतात हे त्यांना अनुभवानं कळलंय, स्वतः गाडीवाले असल्यामुळं. पहिल्या वर्षी टेम्पोतून उतरलेला दिनकर सगळ्यांना सांगत होता की सायलेन्सर वाऱ्यानं उडाला. तेव्हा आबांनी नियम केला, मालकाचा शब्द धरायचा नाही, शेजारी बसलेल्याचा धरायचा. तीन प्रश्न असतात. ओढली का? उचलून आणली का? ढकलली का? एकाला जरी 'हो' म्हटलं तरी बाद.

बागेच्या वाटेवर शेवटचं एक वळण होतं. दोन्ही बाजूंना केळी, पुढचं मागचं काही दिसत नव्हतं. ठिबकची नळी कुठंतरी निसटली होती आणि काळ्या मातीचा लोण्यासारखा चिखल झाला होता. ढब्बूचं मागचं चाक त्यात बसलं आणि जागेवर फिरायला लागलं. दिनकरनं पुढं घेतली, मागं घेतली. चाक आणखी खाली.

"तू उतर," तो म्हणाला. "वजन कमी होईल."

मी उतरले. वजन कमी झालं, पण चाकाला तसं वाटलं नाही. दिनकर स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला. मांडवातल्या लोकांचं हसणं इथवर ऐकू येत होतं. दोनशे पावलं राहिली होती.

मी मागं गेले आणि डिकीला हात लावले.

"ए, नको!" तो ओरडला. "ढकललीस तर गेलं सगळं! हात काढ!"

"तुम्ही पुढं बघा आणि क्लच सोडा."

"अगं, आबा विचारतील—"

"सोडा म्हणते ना!"

त्यानं सोडला. मी सगळा जीव लावला. चिखल तोंडापर्यंत उडाला, चप्पल तिथंच राहिली, आणि ढब्बू हिसका देऊन बाहेर आली.

मांडवाच्या तोंडाशी आबा खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर वही. शेजारी लॉन्सवाले भाऊ उभे, हातात मोजायची टेप. त्यांनी आल्या आल्या ढब्बूची लांबी घ्यायला सुरुवात केली, चबुतऱ्याचं माप त्यांना आजच द्यायचं होतं. आबांनी दिनकरकडं बघितलंसुद्धा नाही.

"या ताई. ओढली का?"

"नाही."

"उचलून आणली?"

"नाही."

"ढकलली?"

सत्तावीस वर्षं मी वर्गात पोरांना उभं करून सांगितलंय, खरं बोल, मार कमी बसेल. 'हो' म्हटलं की पोर्च मोकळा, रविवार मोकळे, गुडघे मोकळे. भाऊंनी टेपचं दुसरं टोक मलाच धरायला दिलं होतं. मी ते सोडून दिलं आणि हात ओढणीखाली घेतले.

"नाही," मी म्हटलं. "कुणी नाही ढकलली."

"खोटं आहे," दिनकर म्हणाला.

तो गाडीतून उतरून आबांपुढं येऊन उभा राहिला. "आबा, ही खोटं बोलतेय. आत्ता त्या वळणावर गाडी रुतली होती, हिनं ढकलली. हात बघा हिचे."

मला वाटलं त्याच्या कानाखाली द्यावी. वाऱ्यानं सायलेन्सर उडवणारा माणूस, याला आजच हरिश्चंद्र व्हायचं होतं!

आबांनी माझ्या ओढणीकडं पाहिलं, खाली माझ्या एका चपलेकडं पाहिलं, चष्मा पुसला.

"दिनकरराव, गाडीचे मालक कोण?"

"मी."

"मग मालकाचा शब्द आपण धरत नाही."

"अहो, पण मी खरं सांगतोय!"

"खरं असू दे, खोटं असू दे. नियम म्हणजे नियम." आणि त्यांनी लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "बिजली, इचलकरंजी. स्वतःच्या पायानं आली."

भाऊंची टेप खट्कन डबीत गेली. मांडवात भरीत कुटणाऱ्या बायका एवढ्या हसल्या की एकीच्या हातातली मुसळी सुटली. "मालकाचा शब्द धरायचा नाही," त्यातली एक दुसरीला म्हणाली, "हाई माले लगीनमाच कोनी सांगं नई!"

मी हात धुवायला ठिबकच्या नळीपाशी गेले. दिनकर माझी चप्पल शोधून घेऊन आला आणि नळी धरून उभा राहिला.

"मी मुद्दाम नव्हतं केलं," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"कधी कळलं?"

"आज सकाळी. टोपीखाली जागाच होतो. तू पुस्तक म्हणत होतीस."

"मग दिवसभर गप्प का होतात?"

"काय तोंडानं बोलू?"

चिखल निघता निघत नव्हता. त्यानं माझी बोटं एकेक करून चोळली.

"आणि आबांना कशाला सांगायला गेलात? गाडी गेली असती ना!"

"गेली असती तर गेली असती," दिनकर म्हणाला. "तू आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललीस, ते माझ्या गाडीसाठी. एवढं सगळ्यांसमोर कुणी सांगायचंच नाही का?"